स्कार्फ बदलण्याची किंमत

२०२२ च्या फेब्रुवारीत दोन मुलींची छायाचित्रे देशभर फिरली. पहिली कर्नाटकातल्या मंड्याची. बुरखा घालून ती कॉलेजच्या आवारात शिरली, तेव्हा भगवी उपरणी घातलेल्या तरुणांचा घोळका घोषणा देत तिच्या मागे लागला. ती एकटी होती, तरी थांबली नाही. त्यांना ओरडून उत्तर देत इमारतीकडे चालत राहिली. दुसरी मुलगी श्रीनगरची. बारावीच्या विज्ञान शाखेत ५०० पैकी ४९९ गुण मिळवून ती काश्मीरमध्ये पहिली आली. बातमीसोबतच्या फोटोत तिचे डोके उघडे होते. तेवढ्यावरून समाजमाध्यमांवर लोक तिच्यावर तुटून पडले. हिजाब घातल्याने किंवा न घातल्याने कुणाची श्रद्धा ठरत नाही, हे त्या मुलीला निकालाच्या आनंदात पत्रकारांना सांगत बसावे लागले. मंड्यातला घोळका आणि श्रीनगरच्या मुलीला बोल लावणारे लोक एकमेकांचे कट्टर विरोधक आहेत. पण दोघांनी केले ते एकच. दोघांनी मुलीच्या डोक्याकडे पाहून तिची परीक्षा घेतली आणि तिला न विचारता निकाल दिला. ज्या दिवशी तिच्या अभ्यासाविषयी बोलायला हवे होते, त्या दिवशी बोलणे झाले ते डोक्यावरच्या कापडाविषयी.

मुस्लिम स्त्रीच्या हिजाबवरचा वाद आपल्याकडे ‘घालावा की घालू नये’ याच फेऱ्यात फिरतो. एक बाजू त्याला गुलामीची खूण म्हणते, दुसरी इज्जतीचा पहारा म्हणते, आणि ती स्वतः बोलायला लागली की दोन्ही बाजू तिला गप्प करतात. माझ्या मते तिच्या स्वातंत्र्याचा अंदाज कपड्यावरून बांधताच येत नाही. तो बांधायचा असेल तर विचारावे असे की, आज तिने जे घातले आहे ते उद्या बदलायचे ठरवले, तर तिला त्याची काय किंमत मोजावी लागेल? उघड्या डोक्याने वावरणाऱ्या मुलीने उद्यापासून स्कार्फ बांधला तर तिची नोकरी जाईल का, वर्गाचे दार बंद होईल का? आणि स्कार्फ बांधणाऱ्या मुलीने तो उद्या काढला तर घरात मार बसेल का, शिक्षण थांबेल का, ठरलेले लग्न मोडेल का? दोन्हीकडचे उत्तर ‘काही होणार नाही’ असे असेल तर ती स्वतंत्र आहे, मग तिच्या डोक्यावर काहीही असो वा नसो. ही किंमत वाढवणारा माणूस धर्माच्या नावाने बोलत असो की पुरोगामित्वाच्या, तो तिचे स्वातंत्र्य कमी करतो. या एका मोजपट्टीने पाहिले की जगभरातले आणि आपल्याकडचे बरेच गोंधळ सुटतात.

मुलीच्या कपड्यांची लोक घेतात ती परीक्षा किती बारीक असते, हे तिच्यातून न जाणाऱ्यांना सहसा उमजत नाही. नुसता स्कार्फ बांधून भागत नाही. आत टोपी नसल्यामुळे कपाळावर केस आले, पीन सुटून गळा दिसला, अबाया म्हणजे वरचा लांब झगा अंगाला जरा चापून बसला, रंग उठून दिसणारा निघाला, स्कार्फखाली जीन्स आहे, ओठांना लिपस्टिक आहे, यातल्या प्रत्येक गोष्टीवर बोट ठेवणारा कुणीतरी असतोच. ‘असा घालायचा असेल तर घालूच नको’ हे वाक्य घरातून, शेजारातून आणि आता अनोळखी माणसांच्या मोबाइलवरून तिला ऐकू येते. तोच स्कार्फ घेऊन ती मुलाखतीला गेली की समोरचा तिला मागासलेली समजतो. म्हणजे एकाच दिवशी एकाच कापडासाठी ती सकाळी कमी पडते आणि दुपारी जास्त ठरते. ए. आर. रहमान यांची मुलगी खतीजा २०१९ मध्ये मुंबईतल्या एका कार्यक्रमात नकाब घालून व्यासपीठावर आली, तेव्हा बापाने सक्ती केली असा गिल्ला झाला. रहमान यांनी उत्तरादाखल आपल्या घरातल्या तिघींचा फोटो प्रसिद्ध केला. त्यात खतीजाचा चेहरा झाकलेला होता आणि तिच्या बहिणीचा चेहरा, डोके दोन्ही उघडे. एका छताखाली वाढलेल्या दोघी बहिणींनी दोन वेगळे निर्णय घेतले होते. तरी पुढच्याच वर्षी तस्लिमा नसरीन यांनी तिला पाहून गुदमरल्यासारखे होते असे लिहिले आणि खतीजाला पुन्हा एकदा स्वतःची बाजू मांडावी लागली. स्वतः धर्मसत्तेचा मार खाल्लेल्या लेखिकेलाही समोरच्या स्त्रीला आधी विचारावे असे वाटले नाही, इतकी ही सवय खोल गेलेली आहे.

ही सवय राज्यसत्तेच्या हातात गेली की काय होते, हे इराणइतके स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही, कारण तिथे एकाच शतकात दोन्ही टोकांची सक्ती झाली. जानेवारी १९३६ मध्ये रझा शाह यांनी देशाला आधुनिक करण्याच्या नावाखाली पडदा बंद केला. पोलीस रस्त्यात बायकांच्या अंगावरची चादर ओढून काढू लागले. ज्या बायकांना उघड्या डोक्याने बाहेर पडणे म्हणजे अंगावर कपडे नसल्यासारखे वाटत होते, त्यांतल्या अनेकींनी घराबाहेर पडणेच सोडले. ज्यांना मोकळे करायचे म्हणून हुकूम निघाला, त्याच कोंडल्या गेल्या. १९४१ मध्ये रझा शाह पायउतार झाले आणि हुकूम ढिला पडला. पुढे १९७९ च्या क्रांतीनंतर मार्चमध्ये क्रांतीचे नेते खोमेनी यांनी सरकारी कचेऱ्यांत हिजाब हवा असे सांगताच दुसऱ्याच दिवशी, ८ मार्चला, तेहरानच्या रस्त्यांवर हजारो बायका निषेधाला उतरल्या. तेव्हाच्या शाहच्या विरोधात क्रांतीत सामील झालेल्या, त्या लढ्यात मुद्दाम चादर घेतलेल्या स्त्रियाही त्यांच्यात होत्या. स्वतःहून घेतलेली चादर आणि हुकमाने लादलेली चादर यांतला फरक त्यांना नेमका कळत होता. त्यांचे ऐकले गेले नाही. १९८३ मध्ये हिजाबशिवाय दिसणाऱ्या स्त्रीला ७४ फटक्यांची शिक्षा कायद्यात आली.

पण कायदा केल्याने परीक्षा संपली नाही. ती आणखी बारीक झाली. सगळ्याच बायका डोके झाकू लागल्यावर मग कोण नीट झाकते आणि कोण नीट झाकत नाही, हे पाहायला ‘गश्त-ए-इर्शाद’ हे पोलीस पथक रस्त्यावर आले. १३ सप्टेंबर २०२२ रोजी कुर्दिस्तानातल्या सक्केझ गावच्या २२ वर्षांच्या महसा अमिनीला तेहरानमध्ये या पथकाने पकडले. तिच्या डोक्यावर रुमाल होता, अंगात लांब कोट होता. तिचा गुन्हा हिजाब नसण्याचा नव्हता, तो ‘बद-हिजाबी’चा होता, म्हणजे हिजाब मनासारखा नसण्याचा. तीन दिवसांनी, १६ सप्टेंबरला, ती मेली. कोठडीतल्या शारीरिक हिंसेमुळे तिचा मृत्यू झाला आणि त्याला सरकार जबाबदार आहे, असा निष्कर्ष संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन पथकाने मार्च २०२४ मध्ये काढला. ‘जरा नीट घे’ हे घरातले साधे वाटणारे वाक्य कायद्याच्या तोंडी गेले की कुठवर पोहोचते, ते महसाच्या मृत्यूत दिसते. म्हणून ‘आम्ही नुसते सांगतो, सक्ती कुठे करतो’ असे म्हणणाऱ्यांनी इराणकडे नीट पाहावे.

तुर्कस्तानात उलट्या दिशेने हेच झाले. १९९० च्या दशकाअखेरीस तिथल्या विद्यापीठांनी स्कार्फबंदी कडक केली. इस्तंबूल विद्यापीठात वैद्यकशास्त्राच्या पाचव्या वर्षाला असलेली लेला शाहिन परीक्षेला बसू शकली नाही. तिने व्हिएन्नाला जाऊन शिक्षण पुरे केले आणि युरोपीय मानवाधिकार न्यायालयात दाद मागितली. २००५ मध्ये निकाल तिच्या विरोधात गेला. जिला व्हिएन्ना परवडत नव्हते, तिने काय करायचे? काही मुलींनी स्कार्फवर केसांचा टोप घालून वर्गात बसायला सुरुवात केली. डोके झाकायचे म्हणून रुमाल, आणि डोके उघडे आहे असे दाखवायचे म्हणून वर खोटे केस! डॉक्टर, वकील व्हायला निघालेल्या तरुण मुलींवर ही वेळ एका धर्मनिरपेक्ष राज्याने आणली होती. १९९९ मध्ये मर्वे कवाकची संसदेत रीतसर निवडून आल्या, स्कार्फ बांधून शपथ घ्यायला गेल्या आणि त्यांना शपथ घेऊ दिली गेली नाही; पुढे त्यांचे नागरिकत्वही काढून घेतले गेले. सरकारी नोकरीतली स्कार्फबंदी उठायला २०१३ उजाडले. त्या बंदीचा पुरेपूर राजकीय फायदा एर्दोआन यांच्या पक्षाने उचलला, हे बंदीच्या समर्थकांनी विसरू नये.

फ्रान्सने २००४ मध्ये सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हांवर बंदी घातली. मुली दारावर स्कार्फ काढून आत जाऊ लागल्या. तरी २०१५ मध्ये शार्लव्हिल-मेझिएर या गावात १५ वर्षांच्या एका मुलीला शाळेने परत पाठवले. तिने कायद्याप्रमाणे दारात स्कार्फ काढला होता. पण तिचा स्कर्ट फार लांब आणि काळा होता, म्हणून तो धार्मिक ठरला. सप्टेंबर २०२३ मध्ये अबायावर बंदी आली. शाळेच्या पहिल्या दिवशी सुमारे ३०० मुली अबाया घालून आल्या. त्यांतल्या ६७ जणींनी तो काढायला नकार दिला आणि त्या घरी गेल्या. अबाया कुठला आणि नुसता सैल झगा कुठला, हे ठरवताना शाळेला अखेर कपडा पुरेसा पडत नाही. मुलीचे नाव आणि वर्ण पाहावा लागतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या आला अब्देलगदीर आणि व्हसिलिकी फूका या दोन अभ्यासकांनी २००४ च्या कायद्याचा परिणाम तपासला. या कायद्यामुळे मुस्लिम मुलींचे माध्यमिक शिक्षण पुरे होण्याचे प्रमाण घटले, असा त्यांचा निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. मुलींना मोकळे करण्यासाठी केलेला कायदा त्यांच्याच शिक्षणाच्या आड आला असेल, तर त्या कायद्याचे यश कशात मोजायचे?

आता आपल्या शेजारच्या राज्याकडे येऊ. डिसेंबर २०२१ च्या अखेरीस उडुपीच्या सरकारी पदवीपूर्व महाविद्यालयात काही मुलींना स्कार्फमुळे वर्गाबाहेर थांबवले गेले. ५ फेब्रुवारी २०२२ रोजी गणवेश सक्तीचा करणारा राज्य सरकारचा आदेश निघाला, १५ मार्चला कर्नाटक उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हिजाब ही इस्लाममधली अत्यावश्यक धार्मिक प्रथा नाही असे सांगून तो उचलून धरला. मधल्या दिवसांत वाहिन्यांनी दाखवलेली दृश्ये आठवून पाहा. शाळेचे फाटक, फाटकात उभे शिक्षक, बाहेर कॅमेरे, आणि त्या कॅमेऱ्यांसमोर एकेक मुलगी बुरखा उतरवते आहे, पिना काढते आहे. काही ठिकाणी शिक्षिकांनाही हे करायला लावले गेले, वास्तविक न्यायालयाचा अंतरिम आदेश विद्यार्थिनींपुरता होता. रस्त्यावर, परक्या पुरुषांसमोर एखाद्या बाईला पदर उतरवायला सांगणे आपल्यापैकी कुणाच्या घरात खपले असते? पुढे माहिती अधिकारातून बाहेर आलेल्या आकडेवारीनुसार, दक्षिण कन्नड आणि उडुपी जिल्ह्यांतल्या मंगळूर विद्यापीठाशी संलग्न सरकारी व अनुदानित महाविद्यालयांतल्या सुमारे ९०० मुस्लिम मुलींपैकी १४५ जणींनी दाखले काढून नेले. हे प्रमाण १६ टक्के होते. काहींनी दुसरीकडे प्रवेश घेतला असेल, पण सगळ्यांना ते जमत नाही, हे दाखले लिहिणाऱ्या कारकुनालाही माहीत असते.

सर्वोच्च न्यायालयात १३ ऑक्टोबर २०२२ रोजी दोन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही. न्या. हेमंत गुप्ता यांनी गणवेशातली समानता महत्त्वाची मानली. न्या. सुधांशु धुलिया यांनी हा मुलीच्या निवडीचा प्रश्न मानला आणि शिक्षण नाकारून आपण तिचे आयुष्य काही चांगले करत आहोत का, असे विचारले. खेड्यातली मुलगी शाळेत येण्याआधी घरातले झाडणे, धुणे उरकून येते, तिच्या वाटेत आधीच अडचणी असतात, त्यात आणखी एक का घालायची, हा त्यांच्या निकालपत्रातला विचार मला सगळ्यात मोलाचा वाटतो. धर्मात काय अत्यावश्यक आहे याचा निवाडा मौलवींवर किंवा न्यायाधीशांवर सोपवण्यापेक्षा मुलगी वर्गात पोहोचते की नाही, एवढे पाहणे राज्याच्या हातातले आहे. प्रकरण योग्य पीठ नेमण्यासाठी सरन्यायाधीशांकडे गेले.

हा प्रश्न महाराष्ट्राबाहेरचा राहिलेला नाही. चेंबूरच्या आचार्य-मराठे महाविद्यालयाने हिजाब, नकाब, बुरखा, टोपी, बिल्ले यांना मनाई करणारा नियम केला. नऊ विद्यार्थिनी उच्च न्यायालयात गेल्या. २६ जून २०२४ रोजी त्यांची याचिका फेटाळली गेली. ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी आणि बिल्ल्यांपुरती या नियमाला स्थगिती दिली. वर्गात बुरख्याला मात्र मोकळीक दिली नाही. विद्यार्थ्यांचा धर्म उघड होऊ नये म्हणून हा नियम आहे, असे महाविद्यालयाचे म्हणणे होते. धर्म नावावरूनही कळतोच की, आणि टिळा, टिकलीवर बंदी घालणार का, असे न्यायालयाने विचारले. नावाचा हा मुद्दा वरवरचा समजू नये. लेड बाय फाउंडेशन या संस्थेने २०२२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सारख्याच शिक्षणाचे, सारख्याच पात्रतेचे दोन अर्ज, एक हिंदू मुलीच्या नावाने आणि एक मुस्लिम मुलीच्या नावाने, नोकरीच्या १००० जाहिरातींना पाठवले. हिंदू नावाला २०८ ठिकाणांहून होकारार्थी उत्तर आले, मुस्लिम नावाला १०३ ठिकाणांहून. अर्जावर फोटो नव्हता. म्हणजे स्कार्फ नव्हताच, तरी अर्ध्या संधी गेल्या. ‘स्कार्फ काढ म्हणजे तुला कोणी वेगळे समजणार नाही’ हा सल्ला देणाऱ्यांना हे आकडे खोटे पाडतात. जुलै २०२१ आणि जानेवारी २०२२ मध्ये मुस्लिम स्त्रियांचे फोटो चोरून त्यांचा इंटरनेटवर ‘लिलाव’ मांडला गेला, तेव्हाही उघड्या डोक्याच्या पत्रकार आणि डोके झाकणाऱ्या स्त्रिया एकाच यादीत होत्या.

आणि डोके झाकणे ही काही एकट्या मुसलमानांची गोष्ट नाही. प्यू संशोधन केंद्राच्या २०१९-२० च्या पाहणीत भारतातल्या ६१ टक्के स्त्रियांनी घराबाहेर डोके झाकतो असे सांगितले. मुस्लिम स्त्रियांत हे प्रमाण ८९ टक्के होते, शीख स्त्रियांत ८६ आणि हिंदू स्त्रियांत ५९. पुण्यात उन्हाळ्यात कॉलेजची मुलगी दुचाकीवर निघते तेव्हा डोळे सोडून तिचे सगळे तोंड स्कार्फमध्ये गुंडाळलेले असते. तिच्या स्वातंत्र्याची काळजी कोणी करत नाही, तिला कोणी थांबवत नाही, आणि तेच बरोबर आहे. पुण्याच्या उन्हात तिला जो विश्वास मिळतो, तोच शिकायला आलेल्या मुस्लिम मुलीलाही मिळायला हवा.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप येतो तो असा: ही निवड खरी निवड नाही. लहानपणापासून मुलीच्या मनावर बिंबवलेले असते, घरचा धाक असतो, मग ‘माझी मर्जी’ या शब्दाला अर्थ काय? हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत विधानभवनावर मोर्चा काढला, १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध बोलणाऱ्या त्या स्त्रियांनी घरातली सक्ती सोसली होती. ती सक्ती आजही आहे. सहा-सात वर्षांच्या मुलीला हिजाब बांधणे मला पटत नाही. पण सक्ती आहे असे मान्य केले, की बंदीचा युक्तिवाद उलट अधिकच कोसळतो. ज्या मुलीला बाप म्हणतो ‘शिकायचे असेल तर बुरख्यात जा’, तिच्यासाठी महाविद्यालयाने बुरखा अडवला तर बाप बदलत नाही, तिचे शिक्षण संपते. तिची इकडे आड तिकडे विहीर होते. मर्जीने घालणाऱ्या मुलीवर बंदी अन्याय करते आणि सक्तीने घालणाऱ्या मुलीला सक्तीची शिक्षा भोगायला लावते; सक्ती करणाऱ्याचे काहीच बिघडत नाही.

मग सक्तीविरुद्ध करायचे काय? याचे उत्तर महाराष्ट्राने स्वतःच दिलेले आहे. आपल्याकडेही बाईच्या डोक्यावरून तिचे चारित्र्य ठरत होते. विधवेने केस ठेवले तर ती वाईट चालीची, वपन करून आलवण नेसली तर घराण्याची अब्रू राखणारी. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी विधवांचे केस उतरवायला नकार दिला. त्यांनी विधवेला हुकूम सोडला नाही. आपला वस्तरा तेवढा थांबवला. आणि ज्या वर्षी कर्नाटकात फाटके बंद झाली, त्याच २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचे नाही, मंगळसूत्र तोडायचे नाही. राज्य सरकारने त्याच महिन्यात सगळ्या ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितले. हा ठराव मी पुन्हा पुन्हा वाचण्याजोगा मानतो. त्यात विधवेने कुंकू लावलेच पाहिजे असे कुठेही नाही. तिच्या अंगाला दुसऱ्यांचे हात लागणे तेवढे बंद केले आहे. लावायचे की नाही, हे तिच्यावर सोडले आहे. हिजाबच्या बाबतीत हेच तत्त्व लावले तर घरात मुलीवर जबरदस्तीने बुरखा चढवणारा हात आणि फाटकात तो उतरवणारा हात, दोन्ही एकाच नियमाने थांबतात.

गणवेशाचा मुद्दा याहून सोपा आहे. गणवेशामुळे गरीब-श्रीमंत भेद झाकला जातो, हे खरे आणि मोलाचे. पण गणवेशाच्याच रंगाच्या स्कार्फने त्यात काय बिघडते? केंद्रीय विद्यालयांच्या गणवेशात मुस्लिम मुलींना जुळत्या रंगाच्या स्कार्फची सोय आहे. शीख मुलाला पगडीची आहे. ओळख पटवण्याची अडचण चेहरा झाकण्यापुरती खरी आहे. तिच्यावरही रुळलेले उपाय आहेत. मतदान केंद्रावर बुरख्यातल्या मतदाराची ओळख महिला कर्मचारी पटवते, वैद्यकीय प्रवेश परीक्षेत धार्मिक पोशाखातल्या उमेदवारांना तपासणीसाठी लवकर बोलावले जाते. वर्गात शिक्षकाला विद्यार्थिनीचा चेहरा दिसावा, हे मला रास्त वाटते. मात्र त्यासाठी मुलींना आत एक बंद खोली द्यावी, रस्त्यावरचे फाटक नव्हे.

उरतो घरातला आक्षेप: हिजाब हा धर्माचा आदेश आहे, मग चुकणाऱ्या मुलीला आठवण करून देणे हे कर्तव्यच नाही का? श्रद्धावंताचा हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला आदराने उत्तर दिले पाहिजे. कुराणातल्या सूरह अन-नूरमध्ये ३१ वी आयत स्त्रियांच्या मर्यादेविषयी आहे. तिच्या आधीची, ३० वी आयत पुरुषांना उद्देशून आहे आणि ती त्यांना नजर खाली ठेवायला सांगते. अनोळखी मुलीच्या फोटोखाली तिच्या केसांविषयी लिहिणाऱ्याने स्वतःवरचा आदेश आधी मोडलेला असतो. धर्मात जबरदस्तीला जागा नसल्याचेही त्याच ग्रंथात सांगितले आहे. आणि व्यवहाराचे बोलायचे तर, टोमण्यांनी कुणाची श्रद्धा वाढत नाही. एकतर ती मुलगी दांभिक होते किंवा दूर जाते. इराणचा दाखला देऊन काही जण सांगतात की हिजाब सक्तीचा झाल्यावर सनातनी घरांतल्या मुली विद्यापीठात जाऊ लागल्या, म्हणजे सक्तीने फायदाच झाला. त्या मुली शिकल्या हे खरे आहे. पण तिथे परवानगी मिळाली ती बापाला पटेल अशा अटीवर, आणि ती अट मोडणारीला काय भोगावे लागले ते महसाच्या बाबतीत जगाने पाहिले. शिक्षणाच्या दारात हिजाबची फी आकारणे हा तिचा हक्क मान्य करणे नव्हे.

२०११ च्या जनगणनेत मुसलमानांचे प्रमाण १४.२ टक्के होते. २०२०-२१ च्या सरकारी पाहणीत उच्च शिक्षणातल्या एकूण विद्यार्थ्यांत ते ४.६ टक्के निघाले. या आकड्यांसमोर स्कार्फ किती पुढे आला आणि किती मागे सरकला याचा काथ्याकूट करणे मला अक्षम्य वाटते. आपल्या राज्यातल्या प्राचार्यांना आणि संस्थाचालकांना माझी विनंती आहे, की येत्या जूनच्या माहितीपुस्तिकेत दोन ओळी स्पष्ट लिहा: गणवेशाच्या रंगाचा स्कार्फ चालेल, आणि कपड्यांच्या कारणावरून कुठल्याही मुलीला फाटकातून परत पाठवले जाणार नाही. मशिदींच्या विश्वस्तांना आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विनंती आहे, की मुलीने उद्या स्कार्फ काढला किंवा ढिला बांधला तरी तिची फी भरणे थांबवणार नाही, असा शब्द तिला आज द्या. आणि एखादी मुलगी मध्येच दाखला मागायला कचेरीत आली, तर सही करण्याआधी तिला बसवून कारण विचारा, आणि कारण कपड्याचे निघाले तर दाखला देऊ नका, तिची अडचण सोडवा.